इंदूताईंनी केलेलं बारसं

मुक्ता आणि निशांत,

परवा फोनवर निशांतने विचारलं, "आजी, फोटोत तुझ्या शेजारी बसलीये ती इंदूआजी काय करायची?" मी म्हटलं, तुरुंगांवर संशोधन. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे ती जेलमध्ये होती?" तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला आणि बोलणं जेवणखाणावर गेलं. प्रश्न तसा अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून नीट बसून लिहिते आहे. मुक्ता कायदा शिकणार म्हणते, तिने हे जरा लक्ष देऊन वाचावं. मराठी अडेल तिथे आईला विचारा.

इंदूताई इथे गंगेकाठी, दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या समोर राहायच्या. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या खिडकीतली फोडणी आमच्याकडे आधी कळायची. त्या विद्यापीठात समाजकार्य शिकवत. लग्न केलं नव्हतं. मी नागपूरहून या गल्लीत सून म्हणून आले आणि मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या हातात कागद घेऊन दारात उभ्या. "वहिनी, फुरसत आहे का? दोन पानं आहेत." ती दोन पानं कधीच दोन नसत. त्यांचे अहवाल इंग्रजीत असत, कारण ज्यांनी ते वाचायला हवेत त्यांना इंग्रजी येतं असं त्यांना वाटे. ती माणसं मुळात वाचतात का, हा प्रश्न आम्ही दोघींनी बरीच वर्षं टाळला.

पहिल्याच अहवालात मी एके ठिकाणी 'अस्वच्छ' असा शब्द घातला. त्यांनी तो खोडला.

"तुम्हाला वास आला होता का?"

"नाही. पण तुम्हीच म्हणालात ना, घाण होती?"

"ते तुम्हाला म्हटलं. कागदावर लिहा, शंभर माणसांना एक नळ, आणि तो संडासाच्या भिंतीला. वाचणाऱ्याला वास आला तर येऊ दे. नाही आला तर तुमच्या त्या शब्दाने काय होणार?"

त्यानंतर मी त्यांच्या लिखाणात विशेषण घातलं नाही. कॉलेजातल्या मुलींच्या निबंधांतलीही बरीच कापली.

त्यांच्या साडीला कधी टाचणी नसे. केसांना काटाही नसे. तुरुंगाच्या दारात झडती होई तेव्हा पिना काढून ठेवाव्या लागत आणि परत मिळताना एखादी कमी मिळे, म्हणून त्यांनी पिना लावणंच सोडलं. पदर कमरेला खोचून चालायच्या. लग्नातही तशाच. एकदा आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या. गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका, म्हणजे आम्ही दहाबारा जणी, जरीच्या साड्या नेसून बसलो होतो. शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "इंदू, आज तरी गोड बोल गं."

"बोलते नं. जनाना बैरकीत अखेर पॅड मिळायला लागले. दोन वर्षं अर्ज देत होते."

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. बैरक म्हणजे कैद्यांना ठेवतात ती लांब खोली, एवढं तरी त्यांना ठाऊक होतं. कोणीतरी फसकन हसलं. इंदूताईंनी तिळगूळ खाल्ला आणि चवीने म्हणाल्या, "गूळ छान आहे. कुठून आणला?"

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती मुक्तासाठी मुद्दाम सांगते. त्यांना शोधायचं असे, आतली माणसं किती सुरक्षित आहेत. कोण कोणाला मारतं, कोण कोणाकडून काय काढून घेतं. पण मुलाखतीच्या वेळी शेजारी शिपाई बसलेला. त्याहून वाईट म्हणजे नंबरदार बसलेला, म्हणजे इतरांवर देखरेख करायला नेमलेला जुना कैदी. बाहेर कोणी काही बोललं तर आत त्याचा वचपा तोच काढणार. म्हणून इंदूताई मारहाणीचा शब्दही काढत नसत. त्या विचारत, "झोपता कुठे?" एवढंच. उजवीकडे कोण, डावीकडे कोण, पाय कुठल्या भिंतीकडे, कुशी कोणती. शिपाई जांभया देई. या बाईला अंथरुणांचं काय वेड, असं त्याला वाटे.

घरी आल्यावर त्या मोठ्या कागदावर बैरकीचा नकाशा काढत. पंख्याखाली कोण झोपतं, खिडकीपाशी कोण, आणि संडासाच्या मोरीला लागून कोण. ज्याच्या मागे कोणी नाही, तो मोरीशी. एखादा महिन्यापूर्वी खिडकीशी होता आणि आता मोरीशी आला, तर मधे काहीतरी घडलेलं असे. एक माणूस फक्त डाव्या कुशीवर झोपतो असं त्यांना कळलं. त्यांनी डॉक्टरांकडून त्याच्या छातीचा फोटो काढवला, तर उजव्या बरगड्या मोडलेल्या. नकाशावर त्यांनी त्याच्या जागी एक लहान वर्तुळ काढलं, आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत ते गिरवत बसल्या. त्यांना मी रडताना पाहिलं नाही.

या कामाने काय झालं, असं तुम्ही विचाराल. पूर्वेकडच्या एका जिल्ह्यातल्या तुरुंगाबद्दल त्यांनी लिहिलं की थंडीत माणसांना पुरेशी घोंगडी नाहीत, आणि जी आहेत ती दांडगे लोक काढून घेतात. समिती आली. त्या दिवशी प्रत्येकाच्या खांद्यावर कोरं घोंगडं होतं. समितीने चहा घेतला, समाधान नोंदवलं. गाडी फाटकाबाहेर पडताच घोंगडी गोळा करून पुन्हा कोठारात गेली. इंदूताई तेव्हा आतच होत्या, कारण त्यांची पिशवी राहिली होती. हे सांगताना त्या म्हणाल्या, "घड्या फार सुरेख घातल्या हो वहिनी त्यांनी. आपल्याला जमणार नाही."

मग त्यांनी विषय थोडा बदलला. आत सुधारणा होत नाही तर निदान सुटलेल्यांचं काय होतं ते बघू, असं म्हणून त्या सुटलेल्या माणसांच्या मागे गावोगाव जाऊ लागल्या. तिथेही त्यांचा प्रश्न एकच असे: "घरी गेलात तेव्हा दार कोणी उघडलं?" कोणाला म्हाताऱ्या आईने, कोणाला ओळख नसलेल्या धाकट्या भावजयीने. एकाच्या खोलीत भावाने पिठाची चक्की बसवली होती. तो चक्की बंद होण्याची वाट बघत ओट्यावर बसे. एका बाईला न्यायला फाटकाशी कोणीच आलं नाही, तिला इंदूताई घरी घेऊन आल्या. ती पाणी प्यायच्या आधी विचारी, "पी लें?" आठवडाभर विचारत होती. मग एका संस्थेत तिची सोय झाली, तिथून ती कुठे गेली ते कळलं नाही. "कुठे गेली ते कळलं नाही" हे वाक्य त्या अहवालात इतक्यांदा येई की मी एकदा म्हटलं, वाचणारा कंटाळेल. त्या म्हणाल्या, "मीच कंटाळले, वहिनी."

आता माधवचं सांगते. इंदूताईंचं नाव काढलं की मला तोच आठवतो.

माधव आमच्याच गल्लीतला. पंचगंगा घाटावर पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचं धर्मकृत्य करणारं मराठी घर. थोरले सदाशिवभट घाटावर बसत, धाकटा माधव स्वयंपाकात हुशार, म्हणून यात्रेच्या कंपनीबरोबर आचारी म्हणून जाई. बायको रेखा, एक लहान मुलगी. एका फेरीत तो पूर्वेला दुसऱ्या राज्यात गेला आणि परत आला नाही. कंपनीच्या माणसांनी सांगितलं, बाजारात गेला तो गेलाच. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. रेखा कित्येक गावी जाऊन आली.

बारा वर्षं माणसाची खबर नाही, तर तो गेला असं धरायचं, ही आपल्याकडची रीत. मग पळसाच्या पानांचा मनुष्याकार पुतळा करतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याला. सदाशिवभटांनी तो केला. सुतक पाळलं. रेखाने कुंकू पुसलं, माधवच्या फोटोला हार आला, आणि दर वर्षी श्राद्ध होऊ लागलं. रेखा वेगळी खोली घेऊन यात्रेकरूंसाठी पोळीभाजीचे डबे करू लागली, त्यावर मुलीला वाढवलं, तिचं जबलपूरला लग्न करून दिलं.

आणि इंदूताईंना तो सापडला.

त्या दूरच्या एका तुरुंगात अंथरुणांचे प्रश्न विचारत फिरत होत्या. जेवणाची वेळ झाली. रांगेत बसलेल्या एका दाढीवाल्या माणसाने थाळीभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला फरशीवर भाताची चार शितं ओळीने ठेवली. तुमचे पणजोबा जेवायच्या आधी चित्राहुती घालायचे, अगदी तशी. कागदोपत्री त्या माणसाचं नाव रामप्रसाद होतं, जात, गाव सगळं निराळं. इंदूताई शेजारी उकिडव्या बसल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "घर कुठलं?"

त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "दूधविनायक."

झालं होतं असं. धर्मशाळेत भांडण झालं, एक माणूस जिन्यावरून पडून मेला, पोलिसांनी तिथे होते त्या सगळ्यांना धरलं. घराचं नाव वर्तमानपत्रात यायला नको, यजमान तुटतील, म्हणून माधवने भलतंच नाव सांगितलं. आठवड्यात सुटू असं त्याला वाटलं. पण त्या नावाचा माणूस जगात नव्हता, त्याच्यासाठी जामीन कोण राहणार? खटला उभाच राहिला नाही. पेशीच्या, म्हणजे कोर्टात नेण्याच्या तारखा पडत गेल्या, कधी गाडी नाही, कधी साहेब नाहीत. "आधी वाटलं आठवड्यात सुटेन," तो इंदूताईंना म्हणाला. "मग वाटलं दिवाळीला. मग तोंड राहिलं नाही."

गुन्हा शाबीत झाला असता तरी भोगावी लागली नसती इतकी वर्षं त्याने आत काढली होती. इंदूताईंनी एक तरुण वकीलबाई गाठली, आणि वर्षभर खेटे घालून त्याला सोडवलं. त्यांच्या साऱ्या कामात एवढं एकच पूर्णपणे यशस्वी झालं, असं आम्हाला तेव्हा वाटलं. मी खीर केली होती.

दार उघडलं सदाशिवभटांनी. भावाला बघून ते ओटीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर म्हणाले, "आत कसा घेऊ?"

"कसा म्हणजे?" इंदूताई म्हणाल्या. "उंबरा ओलांडून."

"इंदू, मी याला अग्नी दिलाय. दर वर्षी पिंड देतो. जिवंत माणसाला पिंड दिले त्याचं मला काय प्रायश्चित्त, ते आधी सांग. यजमानांना काय सांगू? अग्नी दिलेला माणूस पाटावर कसा बसवू?"

ते दुष्ट नव्हते, मुलांनो. त्यांना खरंच कळत नव्हतं. माधव मागच्या मागे वळला, आणि इंदूताईंनी त्याला आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलं.

मग त्या नानागुरुजींकडे गेल्या. नव्वदीचे वैदिक, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आहे. शास्त्रात सोय आहे. पालाशविधी झालेला माणूस परत आला तर त्याचा जन्म पुन्हा करायचा. तुपात बसवायचा, बाहेर काढायचा, न्हाऊ घालायचा. जातकर्म, बारसं, मुंज. मग लग्न, त्याच बायकोशी."

"तुम्ही केलंय कधी?"

"मी नाही, माझ्या वडिलांनीही नाही. गेलेला परत येत नाही, असा आमचा अनुभव."

इंदूताईंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला घरात कसं परत घ्यावं यावर त्यांनी देशोदेशीचं वाचलं होतं, आणि त्याचा विधी इथे, त्यांच्या स्वतःच्या गल्लीत, कोणीतरी कधीच सांगून ठेवला होता. त्यांनी सदाशिवभटांना विचारलं. ते म्हणाले, "नाना करत असतील तर माझी ना नाही." माधवला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मला विचारलं नाही, पण तूप कुठलं आणायचं ते माझ्यावर सोपवलं.

सकाळी पंचगंगा घाटावर विधी झाला. घाटाच्या माथ्यावर मशीद आहे, तिच्या खालच्या पायऱ्या चढउतार करायला कठीण, तरी गल्लीतल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. तांब्याच्या मोठ्या घंगाळात माधवला बसवलं. गुडघे हनुवटीला लागले होते. गुरुजींनी मंत्र म्हणत डोक्यावर तूप ओतलं, ते पांढऱ्या दाढीतून ओघळत राहिलं. मग गंगेत स्नान. मग बारसं. नाव कानात सांगायचं काम आत्याचं, आणि माधवला आत्या उरली नव्हती. इंदूताई पुढे झाल्या, वाकल्या आणि त्याच्या कानाशी "कुर्र" केलं. बायका हसल्या. इंदूताईसुद्धा हसल्या. तसं मोकळं हसणं मी त्यांच्या तोंडावर फारसं बघितलं नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माधव."

किनाऱ्याला नाव बांधणाऱ्या एकाने विचारलं, "का हो, बियाह ह का?"

माधवच म्हणाला, "ना भइया, जनम ह."

मुंज झाली. गुरुजी म्हणाले, "आता लग्न. बायकोला बोलवा."

रेखा वरच्या पायरीवर उभी होती. इंदूताईंनी तिला निरोप दिला होता की सकाळी घाटावर ये. ती आली होती, फिक्या साडीत, हाताला कणीक लागलेली, डबे मधेच टाकून आलेली. ती खाली उतरली आणि माधवसमोर उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"मला कोणी विचारलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ताई, तुम्ही भावजींना विचारलंत, गुरुजींना विचारलंत. यांना विचारलंत. मला निरोप आला, ये म्हणून. जसा डब्याचा येतो."

"रेखा, तसं नाही गं—"

"यांना तुरुंगातून कार्ड लिहिता येत होतं. महिन्याला एक. तुम्हीच सांगितलंत मला. घराचं नाव जाऊ नये म्हणून नाही लिहिलं. घराचं नाव राहिलं. मी मात्र प्रत्येक इस्पितळात जाऊन मेलेली माणसं बघितली. चादर वर करून. कोणाची बोटं यांच्यासारखी, कोणाचे कान. बारा वर्षं बघितली. मग एका दिवशी यांना पानांचं करून जाळलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या रात्री मी झोपले."

नावाडी दोर हातात धरून ऐकत होता. त्याला मराठी येत नसावं, पण तो हलला नाही.

"यांनी जगावं," रेखा म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. पण मी एकदाच रडू शकत होते, ते झालं." मग माधवकडे बघून म्हणाली, "अंग पुसा. तूप सुकलं की मुंग्या लागतील." आणि ती पायऱ्या चढून गेली.

गुरुजींनी विचारलं, "आली का? दिसत नाही मला."

वर येताना इंदूताई माझ्या हाताला धरून चढत होत्या. मधल्या कठड्याशी थांबल्या. "वहिनी, इतकी वर्षं सुटलेल्या प्रत्येकाला विचारत आले, दार कोणी उघडलं. पण दार उघडणाऱ्याला कधी काही विचारलं नाही."

उरलेल्या पायऱ्या आम्ही सावकाश चढलो.

त्यानंतर त्यांनी लिहिणं जवळजवळ थांबवलं. दुपारी रेखाकडे जाऊन बसत. समजूत घालायला नाही, ते त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं. रेखा पोळ्या लाटी, त्या डबे पुसत. कधी बोलत, कधी नाही. आणि खाली खोलीत माधव. त्याला एका धर्मशाळेत काम मिळालं, तिथे कोणीतरी त्याच्या तुरुंगाचं सांगितलं, तेव्हा सुटलं. मिठाईच्या दुकानात मिळालं, तेही सुटलं. गल्लीत एका घरातून नळाची तोटी गेली तर शिपाई पहिला त्याच्याकडे आला. सदाशिवभट घाटावर भेटले की हात जोडत. लग्न न झाल्याने विधी अर्धाच राहिला, म्हणून पाटाचा प्रश्नही तसाच राहिला होता. मी कधी चहा घेऊन खाली गेले तर तो उठून उभा राही. एकदा म्हणाला, "काकू, आत सकाळसंध्याकाळ हजेरीला माझं नाव घ्यायचे. खोटं होतं, पण घ्यायचे."

हे मी इंदूताईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी जिन्यातून हाक मारू लागल्या, "माधव." तो खालून "जी" म्हणे. श्रावणापर्यंत हे चाललं. त्या श्रावणात गंगा फार चढली होती, घाट पाण्याखाली होते, नावा बंद. एका सकाळी त्यांनी हाक मारली आणि खालून आवाज आला नाही. अंथरुणाची घडी नीट घातलेली होती. चपला होत्या.

इंदूताई पायरीवर बसून राहिल्या. मी पोलिसांना फोन लावत होते, तेवढ्यात रेखा आली. तिला कोणी सांगितलं ते ठाऊक नाही. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात पाण्याची बाटली.

"ताई, चला," ती म्हणाली. "कुठे कुठे बघायचं ते मला ठाऊक आहे."

"तू कशाला येतेस, रेखा? तूच म्हणालीस..."

"म्हणाले. चला. या वेळी बारा वर्षं थांबायचं नाही मला."

माधव सापडला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. इंदूताई त्यानंतर काही वर्षं होत्या; आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले, गेल्या माघात त्यांना पोचवूनही आले. पण त्यांचं नाव निघालं की मला ती श्रावणातली सकाळच दिसते.

त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मीही बरोबर गेले होते. बॅटरीच्या रिक्षातून आम्ही तिघी इस्पितळाच्या मागच्या बाजूला, जिथे बेवारस माणसं ठेवतात त्या खोलीशी उतरलो. दाराशी पिकल्या मिशांचा एक माणूस स्टुलावर बसून खैनी मळत होता. त्याने रेखाकडे बघितलं आणि उठून उभा राहिला.

"अरे, बहिनजी. बहुत साल बाद. मिले नहीं अभी तक?"

"मिले थे," रेखा म्हणाली.

त्याने कुलूप काढलं. इंदूताई, ज्या कुठल्याही तुरुंगात कधी अडखळल्या नव्हत्या, त्या चौकटीपाशी थांबल्या. रेखाने त्यांचा दंड धरला.

"नाकाने श्वास घेऊ नका, ताई. तोंडाने घ्या. आणि आधी पाय बघायचे. चेहरा मागाहून."

इंदूताईंनी मान हलवली, वर्गातली मुलगी हलवते तशी, आणि तिच्या मागून आत गेल्या.